उन्हाचा हिशेब
(घरगुती सौरऊर्जेवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

फलटणमध्ये उन्हाचं कौतुक कुणी करत नाही. पश्चिमेकडून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात आणि इकडे पोचतो तो कोरडा वारा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर फलटणच्या वाट्याला येतो त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. नीरा उजवा कालवा आला, ऊस आला, साखर कारखाने आले. आभाळ मात्र निरभ्रच राहिलं. इथल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या हिशेब ठेवला तो पाण्याचा. कालव्याची पाळी कधी, विहिरीला पाणी किती, बोअर किती फुटांवर लागलं. ऊन मात्र तो टाळत आला. ज्याची कधी टंचाई पडली नाही त्याची मोजदाद कोण करणार?

ती मोजदाद करून पाहिली तर आकडा चक्रावून टाकणारा निघतो. आपल्या भागात एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने रोज पाच ते साडेपाच युनिट ऊर्जा उन्हाच्या रूपाने पडते. युनिट म्हणजे वीजबिलावर छापलेलं तेच, एक किलोवॉट-तास. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीचे होतात सुमारे सेहेचाळीस चौरस मीटर. म्हणजे साधारण चार-पाच माणसांचं मध्यमवर्गीय घर महिनाभरात जेवढी वीज वापरतं, तेवढी ऊर्जा त्याच घराच्या गच्चीवर एका दिवसात येऊन पडते.

अर्थात ती सगळी हाती लागत नाही. किती हाती लागेल हे ती कोणत्या रूपात घेता यावर ठरतं, आणि या पुस्तिकेचा सगळा विषय या एका वाक्यात मावतो. घराला ऊर्जा लागते तीही एकाच जातीची नसते. अंघोळीला चाळीस-बेचाळीस अंशांचं पाणी पुरतं, वरण शिजायला शंभराच्या आसपासची उष्णता लागते, भाकरीचा तवा दोनशेच्या पुढे जावा लागतो. आणि दिवा, पंखा, फ्रीज, मोबाईल यांना वीजच हवी, दुसरं काही चालत नाही. जिथे नुसती ऊब पुरते तिथे ऊब घ्यावी आणि जिथे विजेवाचून चालत नाही तिथेच वीज घ्यावी. हा नियम पाळला तर लहान गच्चीही पुरून उरते. तो मोडला की मोठ्या गच्चीवर मोठा खर्च करूनही बिल येतच राहतं.

आपल्या घरातल्या बायकांना हा नियम शिकवावा लागला नव्हता. चैत्र-वैशाखात माळवदावर आणि गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, भातवड्या पसरल्या जात, मिरच्या आणि हळद वाळे. अंघोळीच्या पाण्याचा हंडा सकाळी अंगणात उन्हाला ठेवायचा आणि दुपारी त्याच पाण्याने पोरांना न्हाऊ घालायचं, हेही सर्रास चाले. त्या पाण्याला बंबातलं सरपण कमी लागे, एवढाच त्यातला अर्थशास्त्राचा भाग. वाळवणाला सौरऊर्जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, पण काम आणि उष्णता यांचा मेळ घालण्याचं शहाणपण त्यात पुरेपूर होतं.

यंत्राच्या रूपातल्या सौरऊर्जेचा एक विलक्षण आरंभही महाराष्ट्रातच झाला, आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नाही. मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक असलेल्या विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८७० च्या दशकात सपाट आरशांची रांग उभारून त्यांचं ऊन एका बॉयलरवर एकवटलं, वाफ केली आणि त्या वाफेवर पंप चालवून दाखवला. आठ आरशांची सूर्यचूलही त्याने बनवली, आणि जानेवारीच्या उन्हात तिच्यावर सात सैनिकांचं जेवण शिजलं. १८७८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ‘सोलर हीट’ या पुस्तकात त्याने हे सगळं मांडलं. उष्ण प्रदेशांत कोळसा आणि लाकूड महाग, ऊन फुकट, मग इंधन म्हणून ऊनच का वापरू नये, असा त्याचा साधा सवाल होता. पुढे कोळसा स्वस्त झाला, तेल आलं, आणि सवाल बाजूला पडला. अमेरिकेतही असंच घडलं. १८९१ मध्ये क्लॅरेन्स केम्प याने सौर बंबाचं पेटंट घेतलं; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लोरिडातल्या घरांवर असे बंब मोठ्या संख्येने बसले; मग स्वस्त वीज आली आणि ते उतरवले गेले. सूर्यावरची यंत्रं मागे पडली ती बहुतेक वेळा दुसरं इंधन स्वस्त झाल्यामुळे, यंत्र वाईट म्हणून नव्हे.

फ्लोरिडाचं नाव इथे आलं आहे तर फलटणची गोष्ट सांगायलाच हवी. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. ‘नारी’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. करडई, गोड ज्वारी, शेळ्या-मेंढ्यांची पैदास अशा विषयांवर तिथे काम चालू होतं. १९८१ मध्ये डॉ. अनिल राजवंशी तिथे आले. कानपूरच्या आयआयटीतून अभियांत्रिकी शिकून फ्लोरिडा विद्यापीठात सौरऊर्जेवर डॉक्टरेट केलेला हा माणूस अमेरिकेतली कारकीर्द सोडून तालुक्याच्या गावी येऊन बसला आणि तिथेच राहिला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण पुरस्कारापेक्षा या पुस्तिकेला त्यांच्या कामाची दिशा जास्त उपयोगाची आहे.

गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल करायचं आणि ते दिव्यात, स्टोव्हमध्ये इंधन म्हणून वापरायचं, असं काम संस्थेने १९८० च्या दशकात हाती घेतलं. आंबवलेल्या रसातून अल्कोहोल वेगळं काढण्यासाठी तो तापवावा लागतो, आणि त्या तापवण्यात इंधन खर्ची पडलं तर इंधन बनवण्याचा खटाटोपच व्यर्थ. अल्कोहोल पाण्याच्या आधी, अठ्ठ्याहत्तर अंशांच्या आसपास उकळतं. एवढी उष्णता उन्हात तापवलेल्या पाण्याकडून मिळू शकते. म्हणून छपरावरच्या सपाट कलेक्टरांनी पाणी तापवून त्यावर ऊर्ध्वपातन करणारं संयंत्र फलटणला उभं राहिलं. काम कोणत्या तापमानाचं आहे हे आधी पाहिलं आणि मग त्या तापमानाचं यंत्र जोडलं.

याच संस्थेचा पाण्यावरचा प्रयोग तर प्रत्येक खेड्याने समजून घ्यावा असा आहे. पिण्याचं पाणी सुरक्षित करायचं तर उकळा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. संस्थेने चार पदरी सुती साडीच्या कापडातून पाणी गाळलं, सौर बंबात वापरतात तशा काचेच्या नळ्यांमध्ये ते तापवलं आणि तपासलं. साठ अंशांवर पंधरा मिनिटं किंवा पंचेचाळीस अंशांवर तीन तास राहिलेल्या पाण्यातले कोलिफॉर्म जीवाणू निष्प्रभ झाले. उकळण्याची गरजच उरली नाही. आणि पंचेचाळीस अंश तर ढगाळ दिवशीही गाठता येतात. तापमान कमी असलं तरी वेळ जास्त दिला की काम होतं. सूर्याशी व्यवहार करताना ही सवलत फार मोलाची आहे, कारण सूर्य घाई करत नाही आणि आपणही प्रत्येक कामात घाई करायची गरज नसते.

१९९० च्या दशकात याच संस्थेने आणखी एक विचार मांडला. ऊर्जेचं नियोजन देशाच्या किंवा राज्याच्या पातळीवर न करता तालुका हा घटक धरून करावं, आणि त्या तालुक्यात काय पिकतं, काय उरतं, किती लागतं याचा हिशेब आधी मांडावा. अभ्यासासाठी घेतला तो फलटण तालुका. ही पुस्तिका तोच विचार आणखी एक पायरी खाली आणते आणि घर हा घटक धरते.

घराचा हिशेब गरम पाण्यापासून सुरू करावा. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला सुमारे साडेचार ते पाच युनिट ऊर्जा लागते. विजेच्या गिझरने हे केलं तर ती सगळी बिलावर येते. सौर बंबाचा कलेक्टर पडलेल्या उन्हातला जवळजवळ निम्मा भाग उष्णतेच्या रूपाने पाण्यात उतरवतो. त्यामुळे दोन चौरस मीटर जागेत हे काम होतं. तेवढ्याच पाण्यासाठी आधी पॅनेलने वीज करायची आणि मग ती गिझरमध्ये जाळायची तर सहा-सात चौरस मीटर पॅनेल लागतात, कारण पॅनेल उन्हातला पाचवा हिस्साच विजेत बदलतं. ज्याची गच्ची लहान त्याच्यासाठी निर्णय इथेच होतो.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. एप्रिल-मे मध्ये गरम पाणी कुणाला हवं असतं? बंब तेव्हा रिकामा तापत बसतो. पॅनेलची वीज मात्र पंख्याला आणि कूलरला उपयोगी पडते. दुसरं, आपल्या भागातल्या अनेक बोअरचं पाणी जड आहे. त्यातले क्षार नळ्यांत आणि टाकीत बसतात आणि वर्षागणिक बंबाची ताकद घटत जाते. अशा घरात बंब घ्यायचाच असेल तर कालव्याचं किंवा नगरपालिकेचं पाणी जोडणं आणि ठरावीक काळाने क्षार काढून घेणं, हा खर्च आधीच धरावा. गच्ची प्रशस्त, पाणी जड आणि पॅनेल लावायचंच ठरलं असेल, तर दोन पॅनेल वाढवून गिझर चालवणं हाही आज मूर्खपणा राहिलेला नाही.

बंब बसवताना होणाऱ्या चुका बहुधा प्लंबिंगच्या असतात. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, म्हणून बंबाला पंप लागत नाही. पण त्यासाठी त्याची टाकी कलेक्टरच्या वर आणि थंड पाण्याची टाकी तिच्याही वर असावी लागते. गच्चीवरून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची नळी पंधरा मीटर गेली तर तिच्यातच साडेचार लिटर पाणी साचून राहतं. रात्रभरात ते थंड होतं आणि सकाळी ते वाहून गेल्याशिवाय गरम पाणी येत नाही. पाण्यासाठी टँकर मागवणाऱ्या गावात हे परवडणारं नाही. नळीचा मार्ग आखूड ठेवणं, तिला उष्णतारोधक वेष्टण घालणं आणि वाहणारं पाणी बादलीत धरणं, हे तीन उपाय जवळजवळ फुकटचे आहेत.

स्वयंपाकाच्या बाबतीत आपल्याला मोठा धडा मिळाला आहे. १९८० च्या दशकात सरकारी अनुदानावर पेटीसारख्या सूर्यचुली वाटल्या गेल्या. काळे डबे, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. वरण-भात, कडधान्य, रताळी त्यात उत्तम शिजतात, दाणे भाजले जातात आणि काही करपत नाही. तरीही त्यातल्या कितीतरी चुली शेवटी माळ्यावर गेल्या. कारण यंत्रात नव्हतं, आपल्या दिवसाच्या बांधणीत होतं. शेतावर जाणाऱ्याचा डबा सकाळी आठला तयार हवा आणि त्यात भाकरी हवी. सूर्यचूल दुपारी बाराला वरण देते आणि भाकरी तिच्यावर होतच नाही. याउलट जिथे वेळ ठरलेली आणि माणसं हजारोंच्या संख्येने, तिथे सूर्य फार चोख काम करतो. शिर्डीच्या साई संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ मध्ये सोळा-सोळा चौरस मीटरच्या त्र्याहत्तर डिश बसवल्या गेल्या. त्या ऊन एकवटून वाफ तयार करतात आणि त्या वाफेवर भक्तांचं जेवण शिजतं. घरात मात्र सूर्यचूल ही दुसरी चूल म्हणूनच ठेवावी. कडधान्य तिच्यावर, भाकरी गॅसवर.

आता विजेकडे येऊ. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट दाखवला तेव्हा तो उन्हातली सहा टक्के ऊर्जा विजेत बदलत होता. आज घरावर बसणारं चांगलं पॅनेल वीस टक्क्यांपुढे गेलं आहे. आपल्याकडे एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटच्या आसपास, म्हणजे महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट देतं. पावसाळ्यात हे उत्पादन पडतं, पण फलटण पर्जन्यछायेत असल्याने महाबळेश्वर-पाटणइतकं नाही. दुष्काळी म्हणून हिणवलेल्या पट्ट्याचा हा लाभ.

एक गैरसमज मात्र सगळीकडे आढळतो: जितकं ऊन कडक तितकी वीज जास्त. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याचं उत्पादन तीन ते चार सहस्रांशांनी घटतं. मे महिन्यात पॅनेलची पाठ साठ अंशांवर जाते, तेव्हा दहा-बारा टक्के वीज तापण्यातच जाते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतकं उंच ठेवावं. त्याचा उतार दक्षिणेकडे, साधारण आपल्या अक्षांशाएवढा, म्हणजे अठरा अंशांच्या आसपास असावा. ऊसतोडीच्या हंगामात फडातलं पाचट पेटवलं जातं आणि त्याची काजळी गच्च्यांवर येऊन बसते. त्या दिवसांत पॅनेल जास्त वेळा धुवावी लागतात. धुवायची ती सकाळी किंवा संध्याकाळी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

दुसरा गैरसमज महागात पडतो. ‘सोलर बसवलं, आता लाइट गेली तरी चिंता नाही,’ असं म्हणून लोक पैसे भरतात आणि पहिल्याच भारनियमनात अंधारात बसतात. महावितरणच्या जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर जाळ्यातली वीज गेली की मुद्दाम बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून उलट गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही सोय आहे. अंधारातही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि तिच्याबरोबर चालणारा वेगळ्या जातीचा इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि खर्च बराच वाढतो. कुणाला बॅटरी खरोखर लागते आणि कुणाला साधा जुना इन्व्हर्टर पुरतो, याचा विचार एका स्वतंत्र प्रकरणात केला आहे.

जाळ्याला जोडणी घेतली की नेट मीटर बसतो. दिवसा आपली जास्तीची वीज जाळ्यात जाते, रात्री जाळ्यातून आपल्याकडे येते आणि बिल फरकाचं येतं. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. बिल ‘शून्य’ होतं ते जाहिरातीत. आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्या युनिटचा मोबदला अल्प असतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा प्रकल्प बसवून वीज विकायचं स्वप्न पाहू नये. आपल्याकडे विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत त्याहून जास्त, पुढे आणखी. पॅनेल सर्वांत आधी वाचवतं ती सर्वांत महाग युनिटं. त्यामुळे चारशे युनिट वापरणाऱ्याचा खर्च लवकर वसूल होतो आणि ऐंशी युनिट वापरणाऱ्याचा फार हळू.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजने’त दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, असं कमाल ७८,००० रुपयांचं अनुदान ठरलं. त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यातलं, पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. कोयनेच्या पाण्याने आणि पाटण-साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्यांनी ओळखला जाणारा हा जिल्हा आता घरोघरच्या छपरांवरही वीज करू लागला आहे. पण अनुदान हे प्रकल्पाचा आकार ठरवण्याचं कारण होऊ नये. अनुदान तीन किलोवॉटपर्यंत मिळतं म्हणून तीन किलोवॉट बसवणाऱ्याने आधी पंखे बदलून पाहावेत. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा तीस वॉटमध्ये देतो. चार पंखे रोज दहा तास फिरत असतील तर महिन्याला पन्नासाहून अधिक युनिट इथेच वाचतात. अर्ध्या किलोवॉट पॅनेलचं काम पंख्यांनी केलं.

या सगळ्यातून काही लोक बाहेर राहतात हेही इथेच सांगायला हवं. भाड्याच्या घरात राहणारा, चाळीत किंवा इमारतीच्या मधल्या मजल्यावर राहणारा, गच्चीवर हक्क नसलेला माणूस बंब आणि पॅनेल यांपैकी काहीच बसवू शकत नाही. ऐंशी युनिटवर भागवणाऱ्या मजुराला पॅनेलचं गणित जुळत नाही. त्यांच्यासाठी या पुस्तिकेत वेगळी पानं आहेत: सोसायटीच्या सामाईक मीटरवर, म्हणजे पंप, लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांवर सौरवीज घेणं, सुती कापड आणि ऊन यांनी पाणी सुरक्षित करणं, आणि वापर कमी करण्याचे उपाय. गच्ची नसलेल्यालाही आपला हिशेब मांडता येतो; फक्त त्याची सुरुवात बचतीपासून होते.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी वाचकाने दोन कामं करावीत. गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं काढून दर महिन्याची युनिटं एका कागदावर लिहावीत, आणि त्यांतली किती पाणी तापवण्यात जातात याचा अंदाज बांधावा. मग गच्चीवर जाऊन सावल्या पाहाव्यात. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि कशाची सावलीच पडत नाही. तेव्हा पाहिलं तर सगळी गच्ची मोकळी वाटते. पाहायचं ते डिसेंबरात. तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेला झुकून एकोणपन्नास अंशांवर थांबतो आणि दहा फूट उंच पाण्याच्या टाकीची सावली उत्तरेला जवळजवळ नऊ फूट पडते. एका पॅनेलवर पडलेली सावली रांगेतल्या बाकीच्या पॅनेलांचंही उत्पादन ओढून खाली आणू शकते. शेजाऱ्याला मजला चढवायचा आहे का, हेही त्याला आजच विचारून घ्यावं.

हा कागद हातात असेल तर कंपनीचा माणूस दारात आल्यावर आपल्याला किती लिटर आणि किती किलोवॉट हवं हे त्याच्याकडून ऐकत बसावं लागणार नाही. आकडा आपण सांगायचा आणि भाव त्याने.